मोकळ्या गाडीचं माप

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग पडतो. लग्नसराईची पहिली गिऱ्हाइकं तेव्हाच येतात, कापड टाकून जातात आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू करतात. मशीन खिडकीशी आहे. शहापूरच्या आमच्या आळीत आता चारी बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, तरी किन्हवलीकडून वारा आला की झोडलेल्या भाताचा वास येतोच. कोरडा, पेंढ्याचा, नाकात कुसळासारखा टोचणारा. लोक म्हणतात या वासानं मन प्रसन्न होतं. होत असेल. मला त्या वासानं लाज वाटते. मधे काही वर्षं गेली, तरी वाटते. हातातली शिवण तशीच टाकून मी उगीच पाणी प्यायला उठते.

हे सगळं एकाच कार्तिकातलं आहे, आणि ते झालं सुजयच्या गाडीच्या चाकांमुळे.

सुजय माझा मुलगा. भिवंडीला एका गोदामात सुपरवायझर आहे. त्या वर्षी त्यानं जुनी पांढरी गाडी घेतली, लहानशीच. आमच्या घरातली पहिली चारचाकी. मी आळीत पेढे वाटले, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. पेढ्यांचा खोका रिकामा होतो न होतो तोच पोरगं गाडी कल्याणला घेऊन गेलं आणि तिला बुटकी करून आणलं. स्प्रिंगा बदलल्या म्हणे. गाडी अशी जमिनीशी आली की मांजराला खालून जायची पंचाईत. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "हवा गेली का हो चाकांतली?" मी म्हटलं, "फॅशन आहे ती." म्हटलं खरं, पण माझे कान गरम झाले होते. आमचे हे तर दोन दिवस गाडीच्या बाजूनं गेलेच नाहीत, मागच्या बोळातून कामावर जायचे.

मग चाकांचं पुराण सुरू झालं. गाडी बुटकी केली की जुनी चाकं तिच्यात बारीक दिसतात, मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोराच्या हातांसारखी. जेवताना सुजयच्या तोंडी नुसते आकडे. टायरच्या अंगावर ते लिहिलेलेच असतात. आधी टायरची रुंदी मिलिमीटरात, मग त्या रुंदीच्या किती टक्के रबराची उंची, आणि शेवटी आतल्या रिमचं माप इंचात. आमचे जुने टायर होते एकशे पंचाहत्तर, पासष्ट, चौदा. त्याला रिम हवा होता पंधराचा. रिम मोठा घेतला की रबर पातळ घ्यायचं, म्हणजे चाकाचा बाहेरचा घेर आधीएवढाच राहतो. नाहीतर समोरचा काटा वेग खोटा दाखवायला लागतो. हे सांगताना त्याला वाटत होतं, आईच्या डोक्यावरून जातंय. मला ते भाताचा पहिला घास गिळायच्या आत कळलं होतं. बाहीला काठ रुंद लावला तर वरचं कापड तेवढं कमी घ्यायचं, बाहीची लांबी तीच राहते. यात काय मोठंसं, मी म्हटलं.

"मग तूच सांग," तो म्हणाला. "एकशे पंच्याऐंशी पंचावन्न घेऊ, की दोनशे पाच पन्नास? रिम दोन्हीला पंधराचाच. घेर जवळपास तोच."

"फरक काय दोघांत?"

"रुंदी. दोनशे पाच भरलेला दिसतो. पार फेंडरच्या, चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंत येतो."

दहावीनंतर या पोरानं मला कशात विचारलं नव्हतं. कॉलेज कुठलं, नोकरी कुठली, केस कसे कापायचे, सगळं त्याचं त्यानं ठरवलेलं. आणि आता टायरसाठी मला विचारत होता, वर म्हणत होता, "टेप घेऊन चल ना दुकानात." मी गेले. हायवेवरच्या त्या दुकानात, ट्रकवाल्यांच्या गराड्यात, साडी खोचून उकिडवी बसले आणि गळ्यातली टेप काढून गाडीच्या चाकाचं माप घेतलं. दुकानदारानं रुंद टायरचं एक चाक चढवून दाखवलं होतं. चाकाच्या वर तीन बोटं जागा, बाहेरच्या कडेला दोन. "रुंदवालं कधीमधी घासतं हां ताई," तो म्हणाला. मी बोटं घालून पाहिली आणि मोठ्या दिमाखात सांगितलं, "दोन बोटं माया आहे. पुष्कळ झाली. रुंदच घाल." शिवणात कापड आत सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो, हे दुकानदाराला कुठलं ठाऊक असायला. तो नुसता हसला. सुजयचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, घ्यावं यानं आणखी एक गाडी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी काय सांगते? बाई नुसती उभी करून माप घ्यायचं नाही. तिला हात वर करायला लावा, खाली बसवा, श्वास घ्यायला लावा. उभ्या बाईला बसलेला ब्लाउज ती भाकरी थापायला बसली की काखेत उसवतो. आणि मी स्वतः काय केलं, तर रिकाम्या उभ्या गाडीचं माप घेतलं. तिच्यात माणूस नाही, डिकीत पिशवी नाही. आमच्या भागात गाडी रिकामी कधी चालते का? गाडी कुठं निघालीय असं नुसतं कळलं की वाटेवरची दोन माणसं पिशवी घेऊन अंगणात उभी असतात. येताना डिकीत भोपळा, वालाच्या शेंगा, एखादी पाय बांधलेली कोंबडीसुद्धा. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण त्या दुकानात मला ते आठवलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला ते बरं वाटत होतं.

आता माहेराचं सांगायला हवं.

माझं माहेर टोकावड्याच्या फाट्यावरून आत. आई-वडील दोघंही गेले, तिथं आता माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली आणि मी माझ्या हिश्शाची हक्कसोड करून दिली. राजीखुशीनं दिली. ढोपरभर चिखलात दादानं राबायचं आणि मी शहापुरात पंख्याखाली बसून त्या बांधावर हक्क सांगायचा, हे माझं मलाच पटत नव्हतं. पण त्या सहीसाठी दादा माझ्या घरी आला तो शेवटचा. त्यानंतर आला नाही. पूजा असो, कुणाचं बारसं असो, वहिनी यायची. दादाचं नेमकं काहीतरी काम निघायचं. मात्र दर कार्तिकात भात गिरणीतून भरडून आलं की त्याचा फोन यायचा, "गोणी भरून ठेवलीय." तेवढंच बोलायचा. मग मी एसटीनं जायची, दुपारचं जेवायची आणि नव्या तांदळाची ती गोणी कंडक्टरची बोलणी खात घरी आणायची.

त्या गोणीचा विषय आम्ही कधी काढला नाही. पण ती द्यायची म्हणजे काय आणि घ्यायची म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. मी गोणी घेतली की त्याचा अर्थ, माझ्या मनात काही नाही. एका वर्षी जरी ती मागं राहिली असती तरी दादानं एकच अर्थ लावला असता, की बहिणीला सही डाचतेय. तो काही बोलला नसता. पुढच्या कार्तिकात फोन आला नसता, आणि माझं माहेर तिथंच संपलं असतं.

तर त्या कार्तिकात फोन आला आणि सुजय म्हणाला, "एसटी कशाला? आपली गाडी आहे ना." मी ठेवणीतली साडी नेसले. ह्यांची ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. किन्हवली, मग सरळगाव, मग माळशेजचा रस्ता. दोन्हीकडे कापून टाकलेलं भात, खळ्यांवर झोडणी, सगळ्या रानात तो वास. नवी रुंद चाकं अशी चिकटून चालली होती की पोटातलं पाणी हलत नव्हतं. ढाब्यावरची पोरं वळून वळून बघत होती. मी काच खाली करून हात बाहेर ठेवला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात मी या रस्त्याला कधी अशी बसले नव्हते.

फाट्यावरून आत वळलो आणि मोरी आली. ओढ्यावरची, मधे फुगलेली. सुजयनं गाडी थांबवली. आधी स्वतः उतरून खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, जरा उतरतेस? खाली टेकेल." मी उतरले. गाडी तिरकी तिरकी करत, पोट खरवडत पलीकडे गेली. पुढं रस्ता असा की बसण्यात अर्थ नव्हता. माहेरी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं आले आणि गावात शिरले ती चालत, गाडीच्या मागून, ठेवणीतल्या साडीचा घोळ हातात धरून. खळ्यावरच्या एका म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"काय गो, गाडी आजारी हाय का?"

खळ्यावरची सगळी हसली. मीही हसले. हसताना मात्र मला पायाखालची ढेकळं तेवढी दिसत होती.

दादा मात्र हसला नाही. झोडणी सोडून आला होता, अंगात फाटकी बंडी, केसांत भुसा. गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावला, भाचा सांगत होता ते रुंदी-उंचीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चांगली हाय. चाकं मजबूत हायेत." त्याला ती चांगली वाटली नव्हती हे मला कळलं, आणि भाच्याचं मन राखायला तो म्हणाला हेही कळलं.

जेवणं झाली. निघायच्या वेळी अंगणात वहिनीची आई आणि मावशी पिशव्या घेऊन उभ्या. त्यांना सरळगावपर्यंत सोडायचं होतं. वहिनीच्या आईचे गुडघे पार गेलेले, तिला दोघींनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. मावशी आणि मी मागे. दादानं गोणी पाठीवर आणली आणि डिकीत ठेवली. गाडी मागून अशी बसली की मला माझ्या सीटखाली जमीन लागल्यासारखं वाटलं. सुजयनं गाडी काढली. खर्र. मागच्या चाकांतून आवाज आला आणि जळक्या रबराचा वास. त्यानं थोडी पुढं घेतली. पुन्हा खर्र, आता दोन्ही बाजूंनी.

तो उतरला, मोबाइलचा उजेड पाडून चाकावर वाकला. तोवर सगळं अंगण गोळा झालं होतं. मला आत बसूनच कळलं काय झालं ते. माझी दोन बोटं माया कुठल्या कुठं गेली होती आणि फेंडरची कड रबर कापत होती.

सुजय सरळ पोरगं आहे. त्याला गोणीचं काय ठाऊक? तो डिकी उघडत म्हणाला, "मामा, गोणी राहू दे या वेळी. मागं लोड झालाय. टायर फाटेल."

दादा गोणीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, या गाडीला आत्ताच्या आत्ता आग लागावी. गाडी घेतली आणि तांदळाची गोणी नेता येत नाही, हे जगात कुणाला पटेल? तो एवढंच म्हणाला, "नको असंल तर ऱ्हाऊ दे गो बाय." आणि गोणीचे कान धरून ती बाहेर ओढायला लागला.

मी दार उघडून उतरले. "गोणी खाली ठेवायची नाय," मी म्हटलं. माहेरी गेले की माझी बोली आपोआप परत येते. "गोणी जाईल गाडीतनं. मी एसटीनं येते."

"आई, काय बोलतेस?"

"मी गोणीपेक्षा जड हाय. मी उतरले की चाक सुटंल. बघ घासतंय का."

कुणीतरी फिसकन हसलं. सुजयनं गाडी पुढं घेतली. आवाज आला नाही. मग त्याला मी जवळजवळ दटावलं, म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवू नकोस, सरळगावला त्यांना सोड आणि तिथंच थांब, मी मागून येते. गाडी हळूहळू गेली, पुढं मोरीवर पोट खरवडणारच होती. वहिनीच्या आईनं काचेतून हात हलवला, तिला वाटलं मी आणखी दोन दिवस राहतेय. आणि सगळ्या गावादेखत मी, जी सकाळी ठेवणीतली साडी नेसून स्वतःच्या गाडीनं आले होते, ती पर्स काखेला मारून फाट्याच्या दिशेनं पायी निघाले.

लाज म्हणजे काय ते मी त्या वाटेवर शिकले. आधीची काकूंची, म्हातारीची लाज ही त्याच्यापुढे काहीच नव्हती. ती लोकांपुढची होती, घरी गेल्यावर पदर झटकला की गेली असती. ही दादापुढची होती. तो माझ्या मागून येत होता. सोडायला येतोय असं म्हणाला नाही, नुसता येत होता. त्याच्या मनात काय आलं असेल, या विचारानं मला मागं वळून बघवेना. बहीण गाडीतून उतरून उन्हात चाललीय ती माझ्या गोणीपायी, असंच ना? त्याला नाराज करायचं नव्हतं म्हणून उतरले, आणि उतरून त्याला आणखीच खाली बघायला लावलं. असं काही करून बसायची माझी जुनीच खोड आहे.

पुढं सुजयनं ती चाकं विकली आणि एकशे पंच्याऐंशीचे टायर बसवले. स्प्रिंगाही थोड्या उंच केल्या. मला न विचारता केलं, आणि मला बरं वाटलं. आताही एखादी बुटकी गाडी गतिरोधकाशी अडखळताना दिसली की आमच्या आळीतली माणसं खो खो हसतात. मी हसत नाही. तिच्या मागच्या सीटवर कोण बसलंय ते मी बघते.

त्या दिवशी फाट्यावर दादा आणि मी वडाखाली उभे राहिलो. मुरबाडकडची एसटी आली. मी चढले आणि जागा धरून खिडकीतून बघते तर दादा खाली नाही. तो माझ्या मागूनच चढला होता. पायात मातीनं भरलेल्या चपला, केसांत तो भुसा तसाच.

"सरळगावपर्यंत येतो," तो म्हणाला. "पोरगा थांबला नसला तर?"

"थांबतो म्हणाला ना."

"तरी."

एसटी सुरू झाली. तो समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होता. मग तिकडंच बघत बोलला.

"तुला गोणी जड झाली का गो?"

"नाय रे दादा. चाक घासत होतं खरंच. माप माझंच चुकलं."

"तसं नाय इचारत मी. मलाच जड होते ती. दर साली भरताना वाटतं, हिनं सगळं सोडलं आन आमी हिला काय देतो, तर गोणी. तुझ्या दारात सही घ्यायला आलो तवा तू पेन माझ्याकडंच मागितलंस. आठवतं? माझ्या खिशातलं पेन काढून दिलं मी तुला. तवापासनं तुझ्या घराकडं यायला पाय उचलत नाय."

मला पेनाचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. घरात पेन सापडलं नसेल, समोर माणूस होता त्याच्याकडे मागितलं, संपलं. आणि तेवढ्यावर हा माणूस इतके कार्तिक माझ्या दारात न येता राहिला होता. मी मात्र इकडे समजत होते की त्याला आता बहिणीची गरज उरली नाही, आणि म्हणून तोंडदेखलंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं, की ये. वहिनीला म्हणायची. त्याला नाही. भावाला घरी ये म्हणून बोलवायला लागतं का, असा माझा ताठा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी खिडकीकडे तोंड करून धुळीवर ढकललं.

सरळगावला सुजय गाडीला टेकून उभा होता, म्हाताऱ्या उतरून गेल्या होत्या. दादानं त्याला लांबूनच हात केला आणि परतीची एसटी कधी आहे ते बघायला वळला. मी त्याच्या बंडीची कड धरली.

"दादा, घरी चल."

"असा?" त्यानं स्वतःकडे बघितलं, फाटक्या बंडीकडे, चपलांकडे. "लोक काय म्हणतील तुझे?"

"असाच चल."

मग आम्ही तिघं आणि गोणी. सुजय प्रत्येक गतिरोधकाला गाडी तिरकी घालून अंगावरून पीस फिरवावं तसं चढवत होता, आणि चाक घासतंय का म्हणून तिघंही कान देऊन ऐकत होतो. किन्हवलीच्या पुढं एकदा बारीकसा आवाज आला. दादा दचकून सीटवरून थोडा उचललाच गेला, जणू त्यानं गाडीचं वजन कमी होणार होतं. सुजय हसला, मग दादाही.

आळीत पोचलो. दादानं सुजयला हात लावू दिला नाही, गोणी स्वतः पाठीवर घेतली, चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यात अडला. एवढ्या गोण्या या घरात आल्या, पण त्या कुठं ठेवतात हे त्याला माहीत नव्हतं. वाकलेल्या मानेनंच विचारलं, "कुठं ठेवू गो?"

"कुठंही ठेव. आणि बस आधी."

त्यानं गोणी मशीनजवळ टेकवली आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसला. मी स्वयंपाकघरात गेले आणि टोपावरचं झाकण काढलं. दिवसभर बाहेर जायचं म्हणून सकाळी जेमतेम शिजवलेलं. इतक्या वर्षांनी भाऊ घरी आला होता आणि माझ्याकडे टोपाच्या बुडाशी गार भात आणि वाटीभर आमटी, एवढंच. मी दारातून तोंड काढून कसंबसं म्हटलं, "थांब जरा, कुकर लावते. सकाळचंच आहे सगळं."

दादानं केसांतला भुसा झटकला, मांडी घातली आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"तेच वाढ," तो म्हणाला. "भूक लागलीय."